गाडीतल्या फळीची पाचर

त्या डॉक्टरची जिरवायची, हे मी त्याच्या जिन्यात बसून पुरीभाजी खाताखाताच ठरवलं होतं.

कुवेतात दस्मानला, समुद्राकडे तोंड केलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याचं घर. पुण्याचा माणूस, मोठा सर्जन. मी त्याच हॉस्पिटलच्या दुरुस्ती खात्यातला सुतार, मूळचा मालवणकडचा. नव्वद सालच्या जानेवारीत त्याने सत्यनारायण घातला. केळीचे खांब तिथे आणणार कुठून? म्हणून मला बोलावून म्हणाला, "मिस्त्री, पूजेला छानसं मखर करून दे." केलं. आमच्याकडे गणपतीचं मखर करतात तसं, एकही खिळा न मारता. चार खांब, वर कमान, सगळं खाचेत बसवायचं आणि पाचरीने आवळायचं. पूजा झाली की पाचरी काढायच्या आणि मखर सुटं करून माळ्यावर टाकायचं.

आता आमच्या गावची रीत सांगतो. मखर करणाऱ्या सुताराला पहिल्या पंगतीला बसवतात आणि यजमान स्वतः वाढतो. मग तो यजमान कितीही मोठा असो. मी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून गेलो होतो. आत पाय टाकतो तोच हा दारात आडवा आला. "मिस्त्री, तू जरा बाहेर बस हं. आत मंडळी आहेत." बाहेर म्हणजे कुठे? जिन्यात! कागदी ताटली घेऊन त्याची बायको आली. वहिनींनी मान वर केली नाही. दोन पुऱ्या जास्तीच्या वाढल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने डॉक्टर पुन्हा डोकावला आणि म्हणाला, "झालं की ताटली कचऱ्याच्या पिशवीत टाक हं." माझ्या मखरासमोर बसून आत लोक आरती म्हणत होते.

तिडीक गेली डोक्यात. शिरा घशाखाली उतरेना.

पुढच्याच महिन्यात स्वारी माझ्या वर्कशॉपमध्ये हजर. एक जुनी लांबलचक व्हॅन घेतली होती त्याने. थंडीत कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, त्याचं वेड ह्यालाही लागलं होतं. गुरुवारी दुपारी निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. स्टो, पाण्याचे कॅन, भांडी, गाद्या ठेवायला मागे फळ्यांची मांडणी हवी होती. पण कायमची नको. त्याच्या आईचे गुडघे वाकत नव्हते. आठवडाभर तिला मागे गादीवर आडवी करून व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. "बसवता येईल, काढता येईल, अशी कर. तुझ्या त्या मखरासारखी," तो म्हणाला.

मखर लक्षात होतं म्हणजे! मखर करणारा कुठे बसून जेवला ते नव्हतं.

मी म्हटलं, करतो. आणि अशी केली की माझा मीच खूश झालो. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, कडेला सागवानी पट्टी. दोन उभ्या चौकटी, त्यांत सरकणाऱ्या तीन फळ्या. मागच्या चाकावर पत्र्याचा उंचवटा असतो ना, त्याच्यामागे हात जेमतेम जाईल एवढ्या फटीत एक पाचर लपवली. खालची फळी आत सरकवली की पाचर आपल्या वजनाने खाली यायची आणि सगळं गच्च बसायचं. बसवायला लहान पोरही चालेल. काढायची तर त्या फटीत हात घालून पाचर वर ढकलायची आणि फळी ओढून घ्यायची. एवढंच! पण ती तिथे आहे हे माहीत असलं तर.

"काढायची कशी?" डॉक्टरने विचारलं.

"त्याला हातच लागतो साहेब. तुम्ही ओढाल तर लाकूड फाटेल. मला बोलवा."

मग सुरू झाले माझे शुक्रवार. संध्याकाळी वाळवंटातून आले की मला बोलावणं. मी खाली गाडीपाशी थांबायचोच नाही, सरळ चौथा मजला गाठायचो. "आधी चहा घेतो साहेब, दमून आलोय." सोफ्यावर मधोमध बसायचो. वहिनी निळ्या फुलांच्या कपात चहा आणायच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात. मी तो बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायचो. डॉक्टर घड्याळ बघायचा आणि मग नाइलाजाने विचारायचा, "काय मिस्त्री, यंदा आंबा कसा आहे तुमच्याकडे?" मी गावातल्या एकेका कलमाचा मोहर सांगत बसायचो. वहिनी मध्येच म्हणायच्या, "अजून अर्धा कप देऊ?" देऊ म्हणजे काय, द्याच!

खाली गेल्यावर मी सगळ्यांना तोंड फिरवायला लावायचो. दोनदा उगाच ठोकल्याचा आवाज करायचो आणि पाचर काढायचो. एकदा तर तो पान्याने फळीशी झटत बसला होता. घामाघूम. मी गॅलरीतून बघत उभा राहिलो, चहा संपेपर्यंत.

मजा आली, खोटं कशाला बोलू? पण आग विझली नाही. सोफ्यावर मी बसलो तरी जिन्यात तो कुठे बसला होता? त्याने एकदा जिन्यात बसून जेवावं, जेवताना त्याला तो दिवस आठवावा आणि तोंडाने 'चुकलो' म्हणावं. बस्स, तेवढंच मला हवं होतं.

उन्हाळा लागला, वाळवंट बंद झालं. फळी त्याच्या घरी पलंगाखाली गेली. आणि ऑगस्टात इराकी रणगाडे आले.

मिरकाब वस्तीतल्या आमच्या खोलीत आम्ही सहा कोकणी. पाच जण बसने जॉर्डनच्या वाटेला लागले. मी तापाने फणफणलो होतो, मागे राहिलो. ताप उतरल्यावर चार दिवस बसच्या रांगेत उभा राहिलो, जागा मिळाली नाही. कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, बंद झाला होता. डब्यात थोडे तांदूळ आणि मसूर उरले होते. इथून बाहेर कसं पडायचं, हे कळत नव्हतं.

अशात एका दुपारी दार वाजलं. डॉक्टर! लिफ्ट बंद, तीन मजले चढून आलेला, दाढी वाढलेली.

"मिस्त्री, चल लवकर. आम्ही आज निघतोय. सामानासाठी फळी बसवली आणि आता निघत नाहीये. आईला आडवं करायला जागा नाही. दोघी खाली गाडीतच आहेत."

दोघी खाली गाडीत आहेत, हे मी ऐकलं. नीट ऐकलं. पण माझं लक्ष त्याच्यामागच्या जिन्याकडे गेलं होतं.

"आलाच आहात तर जेवून जा साहेब," मी म्हटलं. "आत पसारा आहे. इथेच बसा, जिन्यात."

तो नको नको म्हणाला. मी म्हटलं, मीही जेवलो नाही, उपाशीपोटी हात चालायचा नाही माझा. बसला मग. करतो काय? मी मुद्दाम नवीन भात टाकला, तोही मंद आचेवर. मसूर शिजवले. लोणच्याची बाटली उगाच शोधत बसलो. तासभर घेतला. मग ताटली नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवली आणि दारात उभा राहिलो, त्याचं तोंड बघत.

तो जेवला. हपापल्यासारखा जेवला. "अजून भात आहे का रे?" म्हणाला. मी वाढला.

"जिन्यात बसून जेवायची सवय नसेल तुम्हाला," मी म्हटलं.

"भूक लागली की माणूस कुठेही बसतो रे," तो म्हणाला, आणि नळावर जाऊन ताटली स्वतः धुऊन आला.

शिरां पडो तुझ्या तोंडावर! काही म्हणजे काही आठवलं नव्हतं त्याला. आता तर माझं डोकं पुरतं फिरलं. ठरवलं, खाली जायचं, हात लावल्यासारखं करायचं आणि सांगायचं की लाकूड फुगलंय, निघत नाही. मग जिन्याची गोष्ट काढायची. त्याने 'चुकलो' म्हटल्याशिवाय फळी निघणार नव्हती.

खाली गाडी भर उन्हात उभी होती. डॉक्टर पुढे जाऊन इंजिनात पाणी बघायला लागला. मी मागचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. फळीच्या कडेच्या अरुंद जागेत आजी, म्हणजे डॉक्टरच्या आई, वाकड्यातिकड्या पडल्या होत्या, डोकं वहिनींच्या मांडीवर. वहिनी पातेल्याच्या झाकणाने त्यांना वारा घालत होत्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पदर घामाने चिंब.

मी नाटक करायला फटीत हात घातला. पाचर तिथे नव्हती.

"ही शोधताय?" वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांच्या मुठीत होती.

मी फटीतला हात बाहेर काढला.

"फेब्रुवारीतच सापडली होती मला, गाडी पुसताना. ह्यांना बोलले नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला वर कोणी बोलावलं असतं?" त्यांनी आजींच्या कपाळावरचा घाम पुसला. "आज फळी बसवा म्हणून मीच सांगितलं. बसवली की ह्यांना तुमच्याकडे यावंच लागणार होतं. हे वर गेल्यावर मी पाचर काढून घेतली. मिस्त्रींना घेऊन जाऊ या असं सरळ म्हटलं असतं, तर म्हणाले असते जागा नाही. आता मी म्हणेन की वाटेत फळी काढायला-घालायला माणूस हवा. तुमचा पासपोर्ट घ्या आणि बसा पटकन."

त्या कसल्याशा अपराधी हसल्या, जशी काही त्यांचीच चूक होती.

"तुम्ही लवकर खाली याल असं वाटलं होतं," म्हणाल्या.

पुढून डॉक्टर ओरडला, "निघाली का रे?"

"निघाली साहेब," मी म्हटलं. वहिनींनी पाचर माझ्या हातात ठेवली. त्यांचा तळहात तव्यासारखा तापला होता.

डॉक्टरला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण जॉर्डनपर्यंत त्याच्या गाडीत मी त्या फळीच्या जागी बसून गेलो, आणि वाटेत वहिनींनी दिलेला पहिला घास काही केल्या माझ्या घशाखाली उतरला नाही.