दाखल्यावरची तारीख

आधी त्या बाईंचे उपकार सांगतो, मग घटना. बोदवडहून पॅसेंजरने येऊन त्या एका शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी शिकवत. खरे नाव कुणाचेच लिहीत नाही. पण त्या नसत्या तर एका निर्दोष गुरुजींना मी बेड्या घातल्या असत्या. आज निवृत्त झालो तरी त्या गुरुवारची सकाळ विसरलो नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सावंतवाडीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. जळगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात नवा हवालदार. इथली बोली निम्मी कळायची, निम्मी अंदाजाने. शिक्षकांचा संप चालू होता आणि माझा बंदोबस्त त्या शाळेच्या फाटकावर. संपकरी फाटकाबाहेर सतरंजी अंथरून बसत; त्यांचे पुढारी नानागुरुजी. बाई आत जाऊ लागल्या की कोणीतरी ओरडायचे, "आल्या बदलीबाई! वाजवा घंटा!" नाना त्याला दटावायचे आणि विचारायचे, "बाई, गाडी लेट होती का?"

मंगळवारी संस्थेच्या सचिवांनी फिर्याद दिली. सोमवारी नानांनी कार्यालयात घुसून जनरल रजिस्टर पळवले म्हणे. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते. शाळेच्या शिपायाचा जबाबही तयार! फौजदारसाहेब म्हणाले, "हवालदार, पहिला तपास आहे तुमचा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत अटक दाखवा." अटक झाली की निलंबन, आणि पुढारी गेला की संप मोडला. एवढे मलाही कळत होते. पण साहेबांना सांगणार काय?

गुरुवारी सकाळी बाई थेट ठाण्यात आल्या. काखेत वर्गाचा हजेरीपट.

"भाऊ, हे बघा. काल माझ्या वर्गातल्या एका मुलाला शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. मूल शाळा सोडून गेले की त्याच्या नावापुढे आम्ही दाखल्याचा नंबर आणि तारीख लिहितो."

"मग?"

"मग काय! रजिस्टर सोमवारी गेले, तर बुधवारी दाखला उतरवला कशातून?"

मी बराकीकडे धावलो. ट्रंकेत माझा स्वतःचा दाखला होता, ज्याच्यावर नोकरी मिळाली तो. रजिस्टर नंबर, जन्मतारीख अक्षरी, शाळेत आल्याची तारीख... हे तोंडपाठ कोण लिहील? तो दाखला हातात घेऊनच परत आलो.

"बाई, नाना अडकले तर त्यांची जागा तुम्हाला मिळणार, असे ऐकतो."

"ऑर्डर टाइप करून ठेवलीय सचिवांनी."

"तरी आलात?"

"टोमणे ऐकून माझाही जीव जळतो, भाऊ. पण उद्या मी कायम झाले तर ह्या संपकऱ्यांनीच भांडून मिळवलेला पगार घेणार ना? आणि नानांच्या खुर्चीत मला बसवेल का?"

शाळेचा लिपिक धुळ्याकडचा. त्याला बोलावले, चहा दिला. धाक घातला नाही. ज्याच्या पोटात काही असते त्याच्या चहावर साय धरते, हे मी तोवर शिकलो होतो. रजिस्टरचे नावच काढले नाही. विचारले, "कालचा दाखला कोणी लिहिला?"

"मी."

"कशातून?"

साय धरली. मग तो रडकुंडीला आला. "भाऊ, मन्हा काही दोष नही शे. पोरना बाप सकायपासून दारमा बठेल व्हता. सायेबना घर जाईसन लिखी लयनू."

सचिवांच्या घरी बसून दाखला लिहिला, आणि सवयीने त्याच दिवसाची तारीख टाकली!

लिपिकाचा जबाब साहेबांपुढे ठेवला, दोन पंच घेतले, जीप काढली. सचिवांच्या घरी पाहुण्यांच्या गाद्यांच्या चळतीत रजिस्टर सापडले. पंचनामा मी स्वतःच्या हाताने लिहिला. तिथून थेट शाळेच्या फाटकावर. मला पाहताच नाना उठले. "चला हवालदार, पिशवी भरून ठेवलीय."

"नाना, पिशवी घरी न्या!"

केवढा जल्लोष झाला! मात्र बाईंची ऑर्डर टाइप झालेलीच राहिली. महिन्याने रजेची मुदत संपली आणि त्या गेल्या. जाण्याआधी ठाण्यात आल्या. "आठवीच ना? सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावी बाहेरून देता येते." माझ्यासमोर बसून फॉर्म भरून दिला. दहावी झालो, पुढे सहायक फौजदार झालो.

गुन्ह्यात फायदा कुणाचा, हे आम्ही पहिल्यापासून शोधतो. त्या दिवसापासून मी आणखी एक पाहू लागलो: स्वतःचे नुकसान होत असताना कोण बोलायला आले आहे?

बाई, गुणपत्रिका तुम्हाला दाखवायची राहिली. बोदवडपासून शोध सुरू करतो. आणि कधी हक्कासाठी कुठल्या फाटकाबाहेर बसायची पाळी तुमच्यावर आली, तर आता माझ्या हातात काठी नाही. सतरंजीवर तुमच्या शेजारी येऊन बसेन.