मागितल्यावरच द्यायचं

कमलामामी गेल्याचा फोन आमच्या आदिलाबादच्या कार्यालयात सकाळी साडेअकराला आला. मामा बोलत होते. 'तुही मामी गेली,' ते म्हणाले आणि मी काही बोलण्याआधीच, 'अन् नंदीनं सकाळपासून पाणी नाई मांगतलं. घोटभरही नाई.' एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. या दोन बातम्यांपैकी दुसरी मामीला अधिक मोठी वाटली असती. गेली बारा-तेरा वर्षं तिला एकाच गोष्टीची धास्ती होती: आपण नसताना नंदीला तहान लागली, तर ती कुणाला सांगेल?

आदिलाबादजवळ इचोड्याला हमरस्त्यालगत मामांचं किराणा दुकान आहे आणि मागे घर. नंदा, घरातली नंदी, ही त्यांची एकुलती मुलगी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती चार वर्षांची झाली, तेव्हा एक शब्द बोलत नव्हती. हाकेला वळत नव्हती. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं एका ओळीत मांडत बसायची आणि कुणी ओळ मोडली की जमिनीवर डोकं आपटायची. शेजारणींनी दृष्ट काढली, एका डॉक्टरने मतिमंद म्हणून चिठ्ठी दिली. चौथी शिकलेली मामी ती चिठ्ठी घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसली. तिथे अशा मुलांना शिकवणाऱ्या एका बाई भेटल्या. त्यांनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला आणि त्याहून उपयोगाची अशी एक रीत शिकवली. मुलीला जे सर्वात आवडतं ते हातात धरायचं, 'काय पाहिजे?' असं एकदाच विचारायचं आणि थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तोंडातून निघालेला आवाज अर्धा असला तरी त्याच क्षणी वस्तू द्यायची आणि शाबासकी द्यायची. हात ओढला, रडली, तर नाही. घरातल्या प्रत्येकाने हे असंच करायचं.

नंदाला फुटाणे आवडत. मामी रोज सकाळ-संध्याकाळ मूठ धरून तिच्यासमोर बसू लागली. तीन महिने झाले, आवाज नाही. नागपूरच्या बाई दर खेपेला विचारत, घरी सगळे नियम पाळतात ना? मामी शपथेवर हो म्हणे... आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरंही होतं. गडबड बहुतेक घराबाहेर होती. दुपारी मामीचा डोळा लागला की नंदा दुकानातून उतरून बाजाराच्या ओळीने चालू लागे. आमच्याकडे दुकानाच्या पायरीवर आलेल्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्याला पाठवत नाहीत. कुणी गुळाचा खडा देई, कुणी शेंगदाणे. हॉटेलवाले राजन्ना गरम भजी फुंकून देत. नंदा त्यांचं बोट धरून परातीकडे ओढे, एवढं पुरत होतं. रोज पोट भरून ती घरी येई. तिला बोलायची गरजच नव्हती. ही गोष्ट कुणी मामीला सांगितली नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलं नाही. शेवटी एका दुपारी मामीला लवकर जाग आली आणि तिनेच नंदाला राजन्नांच्या परातीशी पाहिलं. खुद्द मामा सकाळी तिच्या फ्रॉकच्या खिशात मूठभर फुटाणे टाकत होते, हेही त्याच दिवशी उघड झालं.

मामीने मामांशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी बाजारात निघाली. प्रत्येक दुकानदाराला तिने हात जोडून सांगितलं, पोरीला काही देऊ नका. लोक दुखावले. राजन्ना तर चांगलेच. ते आपल्या हिंदीत म्हणाले, 'अक्का, बच्ची मेरे दुकान से खाली हाथ गई तो मेरेकू दिनभर अच्छा नहीं लगता. मेरे हाथ में क्या खराबी है?' मामीने क्षणभर विचार केला आणि आपली चूक जागच्या जागी सुधारली. 'देऊ नका नाई म्हणून राह्यली, राजन्ना. द्या. पण तिनं मांगतल्यावर द्या.' मग तिने त्यांना ती रीत शिकवली. तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या त्या अख्ख्या ओळीने 'काय पाहिजे?' हे दोन शब्द पाठ केले. ज्या बाजारात गिऱ्हाइकाला क्षणभर ताटकळत ठेवत नाहीत, तिथले दुकानदार चार वर्षांच्या मुलीसमोर हातात खाऊ धरून उभे राहू लागले. राजन्ना तेलुगूत मोजत. ट्रकवाले चहासाठी ओरडले तर दुसऱ्या हाताने त्यांना गप्प करीत.

पाचव्या आठवड्यात नंदा 'भजी' म्हणाली. राजन्नांनी त्या दुपारी कुणाकडूनही चहाचे पैसे घेतले नाहीत. मामीला आनंद झाला, पण थोडा रागही आला. 'चार महिने माह्या मुठीले मुंग्या आल्या,' ती मला म्हणाली, 'अन् पोरगी बोलली कुठं, तं हाटेलात.'

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत. नंदा शाळेत टिकली नाही. कुकरच्या शिट्टीला ती अजूनही कान दाबते आणि तिची वाक्यं तीन-चार शब्दांची असतात. मामीने यातलं काही लपवलं नाही. जवळच्या बोथहून, आसपासच्या खेड्यांतून अशा मुलांच्या आया तिच्याकडे येऊ लागल्या, तेव्हा ती पहिल्यांदा त्यांना एकच काम सांगे: तुमच्या लेकराला न मागता कोण कोण देतं, ते आठ दिवस बघा. त्या आया हसत हसत परत येत, कारण यादीत बहुधा सासरा असे. मात्र त्या गेल्यावर मामीची धास्ती परत येई. नंदा ओळखीच्यांकडेच मागत होती. अनोळखी माणसासमोर तिचा शब्द फुटत नसे. आदिलाबादच्या बसस्टँडवर मामी तिला कितीदा तरी घेऊन गेली... तिथून दोघी तहानलेल्याच परतल्या.

मामी गेली त्या दिवशी मी पोचलो तेव्हा घर भरलेलं होतं. प्रत्येकजण नंदापुढे पेला धरत होता आणि ती तोंड फिरवत होती. स्मशानातून माणसं परतली, तरी ती भिंतीला टेकून तशीच. मग ती उठली. मामांना, मला, राजन्नांना ओलांडून दाराशी उभ्या असलेल्या शेजारच्या एका नव्या सुनेपाशी गेली. ती यवतमाळकडून आलेली, नंदाला आयुष्यात प्रथमच पाहणारी. नंदा तिच्या बांगड्यांकडे बघत म्हणाली, 'पाणी पाहिजे.' त्या मुलीने साधेपणाने पाणी दिलं आणि आणखी हवं का, म्हणून विचारलं. सगळी खोली आपल्याकडे का बघते आहे, हे तिला कळलं नाही. सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी वावरणारे मामा तेव्हा रडले.

याला महिना झाला. परवा इचोड्याला गेलो, तर गल्ल्याशेजारच्या मामीच्या पाटावर नंदा बसली होती. एका ट्रक ड्रायव्हरने बिस्किटाच्या पुड्याकडे बोट दाखवलं. नंदाने पुडा उचलला, हातात धरला आणि छताकडे बघत राहिली. ड्रायव्हरने पुन्हा बोट दाखवलं. पुडा जागचा हलला नाही. 'बिस्किट दो, बहन,' तो शेवटी म्हणाला आणि पुडा लगेच त्याच्या हातात पडला. 'छान,' नंदा म्हणाली.

मामा पुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, 'काय सांगू तुले. अर्धं गिऱ्हाईक वैतागून राह्यलं, अन् अर्धं बोलाले शिकून राह्यलं.'