रंगमंचाखालचे सात रांजण

हुबळीच्या माणसाला कुठंही रांजण दिसला की पाणीच आठवतं. यात त्याचा दोष नाही. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात आम्ही वाढलो. पाणी आलं की घरातलं पोट असलेलं प्रत्येक भांडं भरून घ्यायचं, हा नियम. एकदा तर आईनं पाहुण्यांसमोर पेढ्यांचा डबा ताटात रिकामा केला आणि त्यांच्या देखत तोही भरून ठेवला. पाहुणे हुबळीचेच होते, त्यांना काही वाटलं नाही.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं मी अकरा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं आणि पळवाट शोधायची सवय अजून सुटलेली नाही. पाण्याची सबब खरी आहे. पण ती अर्ध्यापर्यंतच पुरते.

दाजीबानपेठेच्या मागच्या अंगाला आमचं थिएटर आहे. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं बांधलेलं. या गृहस्थाला दोनच नाद होते, एक संगीत नाटकाचा आणि दुसरा स्वतःच्या नावाचा. त्यामुळं कमानीवर, पडद्यावर आणि तिकिटाच्या खिडकीवर अशा तीन ठिकाणी नाव कोरून घेतलेलं होतं. आता तिन्ही गेली. पण इमारत त्यानं मन लावून बांधली. वर मंगळुरी कौलं, खाली सागवानी फळ्यांचं छत. लोखंडी खांबांवर घोड्याच्या नालासारखी वळलेली लाकडी गॅलरी, तिच्या एका बाजूला बायकांसाठी जाळी. मागची भिंत सरळ नाही, किंचित बाक घेतलेली. रंगमंच प्रेक्षकांकडं जरासा उतरता, आणि त्याच्यापुढं ऑर्गन-तबल्यासाठी खड्डा, तोही इतकाच खोल की वादकाला नटाचे ओठ दिसावेत आणि प्रेक्षकाला वादकाचं टक्कल दिसू नये.

असं सांगतात की काम चालू असताना हा शेठजी रोज संध्याकाळी गॅलरीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसे आणि खाली कुणाला तरी गायला लावी. शब्द कळला नाही की दुसऱ्या दिवशी मिस्त्री तिथलं काहीतरी उकलून पुन्हा करी. यातूनच पुढं एक रीत पडली. नाटक सुरू होण्यापूर्वी बंद पडद्याआडून मुख्य गायक नांदीची एक ओळ म्हणतो, माइक न लावता. गॅलरीच्या शेवटच्या ओळीत मंडळींतला एक जाणता माणूस बसलेला असतो. त्याला शब्द नि शब्द ऐकू आला की तो पांढरा रुमाल वर करतो. रुमाल दिसला की तिसरी घंटा. आधी नाही.

मराठी कंपन्या आल्या, कन्नड कंपन्या आल्या, सगळ्यांनी ही रीत पाळली. मग नाटकं आटली, थिएटरचं टॉकीज झालं, टॉकीजचं मंगल कार्यालय झालं, आणि शेवटी कुलूप लागलं. आमच्या मराठी नाट्यमंडळींनी आणि काही कन्नड रसिकांनी मिळून एक समिती केली आणि दुरुस्ती काढली तेव्हा आत पारवे एवढे झाले होते की पहिला आठवडा त्यांची समजूत घालण्यातच गेला.

दुरुस्तीचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं त्याच्याकडं मी इंजिनिअर होतो. एरवी माझी कामं तारिहाळच्या कारखान्यांतली. शेड, गटारं, यंत्राखालचे चौथरे. तिथं जमीन पोकळ वाजली की आमचा जीव वर-खाली होतो. थिएटरचं काम माझ्याकडं आलं ते अक्कामुळं.

अक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. धारवाडच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची आणि मंडळींच्या प्रत्येक संगीत नाटकात नायिका असायची. दिवसभर पोरींना तह आणि लढाया सांगून संध्याकाळी बसनं हुबळीला तालमीला यायची, आणि तरी तिचा आवाज असा निघायचा की चहावाला किटली खाली ठेवायचा. समितीत तिनं माझ्यासाठी शब्द टाकला. "माझा भाऊ आहे, घरचं काम समजून करील," असं म्हणाली. मी घरचंच काम समजून केलं, तीच पंचाईत झाली.

रंगमंचाच्या फळ्या उचलल्या तर खाली विटांनी बांधलेला कोरडा हौद निघाला, पुरुषभर खोल. हौदात सात मोठे रांजण, आडवे ठेवलेले, तोंडं प्रेक्षकांच्या बाजूला. मी पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणालो, पाण्याची सोय. नाटकवाल्यांनाही आठ दिवसांनीच नळ येत असणार. शिवाय आगीची भीती असायची. आडवे का ठेवलेत, आडव्या रांजणात पाणी कसं राहील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पदवीधर माणूस मी.

तिथं एक अज्जा होता. लहानपणापासून त्या थिएटरचे पडदे ओढलेला. टॉकीजच्या काळात दार सांभाळलं, कार्यालयाच्या काळात पंगती वाढल्या, पण जागा सोडली नाही. तो पायरीवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मुट्टब्याड्री साहेब, हात लावू नका."

मी म्हटलं, अज्जा, आता बोअर आहे, वर टाकी बसतेय, तुझ्या रांजणांना पेन्शन द्यायची वेळ झाली. गवंडी हसले.

"पाण्याचे नाहीत ते," अज्जा म्हणाला. "यात आवाज राहतो."

यावर तर गवंडी आणखी हसले, आणि मीही हसलो. माझी अडचण वेगळी होती. जुना गिलावा, फुटक्या विटा, कौलांचे तुकडे यांचा ढीग बाहेर साठला होता आणि पेठेच्या बोळात दिवसा ट्रक येऊ देत नव्हते. समोर आयता हौद. वरून समितीला रंगमंच भक्कम हवा होता, नाचाच्या स्पर्धा घ्यायच्या होत्या. मी दोन दिवसांत हौद राडारोड्यानं भरला, धुमसानं चोपला, वर काँक्रीट ओतलं आणि त्यावर नव्या फळ्या बसवल्या. पाय आपटून पाहिला तर तारिहाळच्या शेडसारखा घट्ट. समाधान वाटलं. रांजण आधीच बाहेर काढले होते, ते कामगारांनी वाटून घेतले. अळणावरकडचा एक गवंडी दोन घेऊन गेला. एक मी घरी आणला आणि त्यात पाणी भरलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी बाजूच्या दाराशी नवा सदरा घालून उभा होतो. गॅलरीच्या शेवटच्या ओळीत आमचे एक निवृत्त वकील रुमाल मांडीवर ठेवून बसले होते. पडद्याआडून अक्कानं नांदीची ओळ म्हटली.

मला ऐकू आली, पण दुसऱ्या खोलीतून कुणी बोलावं तशी. वकीलसाहेबांचा रुमाल मांडीवरच राहिला. लोकांना रीत ठाऊक होती, सगळे मान वळवून वर बघत होते. अक्कानं पुन्हा म्हटली, जास्त जोर लावून. रुमाल हलला नाही. तिसऱ्यांदा वरच्या षड्जावर आवाज चिरकला, आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं. मग समितीतला एकजण माइक घेऊन विंगेत धावला, घंटा झाली, नाटक झालं.

मला पहिल्याच ओळीला कळलं होतं. पडद्याच्या दोरीपाशी अज्जा उभा होता. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग दोरी ओढायला लागला. तो कुणाला काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तो वारला. माझी चूक माहीत असलेला तो एकटाच माणूस होता आणि त्याच्या मयताला मी गेलो तेव्हा, लिहायला लाज वाटते, मला हलकं वाटलं होतं.

नाटकानंतर लोक काय बोलायचं ते बोलले. बाईंचं वय झालं. खडूच्या धुळीनं घसा गेला. अक्कानं ते ऐकलं आणि मानलं. पुढच्या नाटकाला तिनं नकार दिला, त्याच्या पुढच्यालाही. मंडळी तिला हाताला धरून न्यायला आली तर त्यांना थालीपीठ खायला घालून परत पाठवलं.

आणि मी काय केलं? मी तिला गाडीत घालून घशाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, काही झालेलं नाही. मी म्हटलं, दुसऱ्याला दाखवू. दुसऱ्यालाही दाखवलं. मध नेऊन दिला, ज्येष्ठमध नेऊन दिलं, इतकं की तिच्या घरातल्या मुंग्यांचे आवाज सुधारले असतील. ती सगळ्यांना सांगायची, माझा भाऊ बघा माझ्यासाठी किती करतो. हे वाक्य मी अकरा वर्षांत किती वेळा ऐकलं आणि मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटायचा.

सुरुवातीला नोकरीची भीती होती, हे खरं. नंतर ती नोकरी मीच सोडली, तरी बोललो नाही. एकदा गप्प बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड जातं, एवढंच मला समजलं आहे.

यंदा रंगमंचाच्या फळ्या फुगल्या. खालच्या राडारोड्यात ओल धरली होती. समितीनं मलाच बोलावलं. "तुम्हाला आतलं सगळं माहीत आहे," अध्यक्ष म्हणाले. नकाशा करायला बसलो. रंगमंचाचा उभा छेद काढायचा तर फळ्यांच्या खाली काय आहे ते दाखवावं लागतं. मी पेन्सिल घेतली आणि भरावाच्या जागी हौद काढला, जसा पाहिला होता तसा, आणि त्यात सात गोल काढले. काढल्यावर लक्षात आलं की हा कागद समितीच्या आधी दुसऱ्या कुणालातरी दाखवायला हवा.

रविवारी सकाळी धारवाडला गेलो. अक्का आता निवृत्त आहे. चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. मी टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि सांगितलं. अज्जा काय म्हणाला होता, मी काय उत्तर दिलं, हौदात काय भरलं, सगळं. तिनं मध्ये फक्त गॅस बारीक केला.

मग म्हणाली, "डॉक्टरकडं नेलंस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होय."

"दुसऱ्या डॉक्टरकडं?"

"तेव्हाही."

"आणि ते ज्येष्ठमध?"

मी नकाशावरची एक वाटी सरळ केली.

"मला ते आवडत नाही रे," ती म्हणाली. "तू आणतोस म्हणून चघळत होते."

मला वाटलं, आता हसेल. हसली नाही. शेंगदाणे परातीत ओतले, फडक्यात घेतले आणि चोळत बसली. सालं उडत होती, नकाशावर पडत होती.

"मी त्या वर्षापासून रियाज सोडला. गेलेल्या आवाजाचा कसला रियाज. तेव्हा तो गेला नव्हता म्हणतोस ना? आता गेलाय. न गाता जातो तो." फडकं झटकलं. "तुझी चूक मी एका दिवसात माफ केली असती. तू हुबळीचा, तुला पाणीच दिसणार. पण तू अकरा वर्षं माझ्या घरी चहा प्यायलास."

मी नकाशा गुंडाळायला लागलो तर म्हणाली, "समितीत सांग. उभा राहून सांग. आणि खण ते." मला दारापर्यंत सोडायला आली नाही. चटणीही दिली नाही. आमच्याकडं हे फार मोठं आहे.

समितीत मी उभा राहून सांगितलं. तिथं ते फारच सोपं निघालं. अध्यक्ष म्हणाले, झालं ते झालं. एकानं विचारलं, रांजण मातीचेच हवेत का? चहा आला. वकीलसाहेब आता ऐंशीच्या पुढचे आहेत. ते मात्र चहा न घेता उठून गेले. त्या संध्याकाळी रुमाल मांडीवर ठेवून त्यांनी जे केलं ते प्रामाणिकपणे केलं होतं, आणि अक्काचं गाणं आपल्यामुळं थांबलं असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. हे मला माहीत नव्हतं. आता त्यांच्याकडंही जायचं आहे.

काम सुरू झालं. काँक्रीट फोडलं, माझाच राडारोडा मी ट्रकनं बाहेर काढला. आता बोळात ट्रक येऊ देतात. जुन्या रांजणांपैकी नमुन्याला एकच उरला होता, माझ्या घरचा. त्यात बायकोनं मोगरा लावलेला. तो उपटताना तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. कुंभारानं रांजण आतून हातानं चाचपला, तोंड वितीनं मोजलं आणि म्हणाला, हा पाण्याचा नाही साहेब, याची माती वेगळी आहे. त्याला विचारलंही नव्हतं.

नवे रांजण पूर्वीसारखा नाद देतील की नाही, मला सांगता येत नाही. फळ्या बसल्यावर कळेल.

अक्का तीन आठवडे बोलली नाही. मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. काल दुपारी मी हौदाच्या विटांचे सांधे भरून घेत होतो तेव्हा तिचाच आला. कसा आहेस नाही, काय नाही.

"पेटी दुरुस्त करणारा तो म्हातारा पूर्वी बाजारात बसायचा," ती म्हणाली. "आता कुठं बसतो रे?"

मी सांगितलं, तो नाही आता, त्याचा मुलगा करतो, दुकान तेच. भाता बदलायचा का, म्हणून विचारलं.

"ते मी आणि तो बघू," असं म्हणून तिनं फोन ठेवला.