रांगेत ठेवलेली बॅट

कोथरूडमधल्या आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये बॅडमिंटनचं एक कोर्ट आणि कोपऱ्यात टेबल टेनिसचं एक टेबल आहे. हॉल सांभाळणारे काका सांगतात, ते नोकरीला लागले तेव्हा गर्दी टेबलापाशीच असायची. मग बॅडमिंटन टीव्हीवर दिसू लागलं, सोसायट्यांमध्ये कोर्टं झाली आणि मुलं तिकडे वळली. आता काही जण पिकलबॉल हा नवा खेळ मागतात. त्याच्या कोर्टासाठी महिनाअखेरीला टेबल हलवायचं ठरलं होतं.

मला तर टेबल टेनिस हा एकच खेळ येतो. लोणी काळभोरच्या शाळेत सरांनी शिकवला. बॅटही त्यांनीच दिलेली.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथले नियम कुणाला विचारायचे ते कळत नसे, म्हणून बघून शिकायची. मुली आल्या की भिंतीला रॅकेट टेकवून ठेवायच्या. तोच त्यांचा नंबर. मला वाटलं, हॉलमध्ये काहीही खेळायचं तर असाच नंबर लावतात. मीही रांगेच्या शेवटी माझी बॅट ठेवली आणि तासभर बाकावर बसून राहिले.

बॅटची पाळी आली तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने ती उचलली. "हा चमचा कुणाचा?"

सगळ्या हसल्या. माझा आहे, असं मी हळूच सांगितलं.

"अगं, टेबल सकाळपासून रिकामं आहे. त्याला कसला नंबर?"

"टेबल रिकामं आहे," मी म्हणाले, "पण समोर कुणी नाही ना."

हे मी ठरवून बोलले नव्हते. ती काकांकडून एक जुनी बॅट मागून घेऊन आली. बॅडमिंटनच्या सवयीने तिचा चेंडू सारखा छताकडे जायचा. अकरा-दोनने हरली, आणि उद्या बघते तुला, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. पंधरा दिवसांत आम्ही सात जणी झालो. पाळी नसलेल्यांच्या बॅटी भिंतीपाशी, रॅकेटच्या शेजारी.

महिनाअखेरीला क्रीडा विभागाचे सर टेप घेऊन कोपरा मोजायला आले. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "मोजा की सर. फक्त नंबर लावावा लागेल."

सरांनी भिंतीकडे पाहिलं आणि टेप खिशात टाकली. या सत्रापुरतं टेबल राहिलं आहे. पुढचं अजून कुणी सांगितलेलं नाही.