शेवटचा पॅच

सकाळी साडेसहाला सुजयने एकट्याने कूलर उचलला, खांदा भरून आला, आणि त्याने सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यातली एक चिकटपट्टी खुशाल स्वतःच्या खांद्यावर लावली. तासाभराने खांदा होता तसाच. डोकं मात्र ताशासारखं वाजायला लागलं. तेव्हा कुठे त्याने फेकलेलं पाकीट उचलून वाचलं. बाबुरावांच्या छातीदुखीचा पॅच होता तो. आणि शेवटचा! त्याने तो ओरबाडून काढला. पण काढलेला परत कसा देणार?

बाबुराव म्हणजे एअरफोर्सचा माणूस. बख्शी का तालाबच्या हवाई तळावर बावीस वर्षं विमानांची इंजिनं तपासली. निवृत्त होऊन शहरातल्या ‘महानगर’ नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, तरी तपासणी सुटली नाही. दहीसुद्धा तारीख बघून खायचे. पॅच सकाळी आठला लागणार, रात्री आठला निघणार. "अजून औषध असेल हो त्यात," असं मुलगी देविका हळहळली की म्हणायचे, "रात्री सुट्टी द्यावी लागते त्याला. चोवीस तास राबवला की अंगाला सवय होते, मग तो काही कामाचा राहत नाही."

आज आठ वाजले. डबा रिकामा.

"एक होता ना यात?"

"मी आणतो ना नवीन, बाबा," सुजय म्हणाला. खरं सांगायला जीभ उचलेना.

"तू? कोथिंबीर सांगितली तर पालक आणतोस!" आणि बाबुराव जवळच्याच कपूरथला चौकातल्या बाजाराकडे निघालेसुद्धा. मागून सुजय, कपाळ दाबत.

दुकानात "भैया, तारीख दिखाइए" दोनदा झालं. पॅच मात्र घरी जाऊन, घाम पुसून लावायचा, हा नियम. परत येताना दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. हात छातीवर गेला.

"बाबा, लावतो पॅच!" सुजयच्या बोटांनी पाकीट फाटेना.

"ठेव तो. त्याचा अंमल सावकाश चढतो. माझ्या खिशातली गोळी दे."

गोळी जिभेखाली गेली. बाबुराव पायरीवर बसले. "पाच मिनिटं. नाही थांबलं तर अ‍ॅम्ब्युलन्स."

सुजयने नंबर काढून ठेवला. एक मिनिट. दोन. वर कुणाचा तरी कुकर शिटी मारून गेला, तो दचकला. तीन. बाबुरावांचे ओठ पांढरे. चौथ्या मिनिटाला त्यांनी लांब श्वास सोडला.

"उतरतंय."

सुजय मटकन शेजारी बसला. "बाबा, शेवटचा मीच लावला. खांद्याला." आणि लगेच सावरून घ्यायला त्याने विचारलं, "पण एवढ्याशा पट्टीने खरंच किती फरक पडतो हो?"

"तुझं डोकं ठणकतंय, तेवढा."