काकूंचं प्राग

कोराडीच्या आमच्या कॉलनीत शेजारी एक काकू राहतात. त्यांची मुलगी प्रागला नोकरी करते आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. मी वास्तुकला शिकतो हे कळल्यापासून काकू कुंपणावरून हाक मारतात, "ये गा, तुह्या अभ्यासाचं चालू झालं!"

मला संकोच वाटतो. मायलेकींना आठवड्यातून तेवढाच वेळ मिळतो. पण काकू मोबाइल माझ्या हातात देतात आणि मुलीला दटावतात, "मले तुहं तोंड नको दाखवू वं, याले देऊळ दाखव." मग ती कॅमेरा समोर फिरवते; जुना दगडी पूल येतो, टेकडीवरचा किल्ला येतो. चर्च आलं की काकू अंगणातच चपला काढून उभ्या राहतात.

परवा मुलीने किल्ल्यातल्या चर्चचं आतलं छत दाखवलं. दगडाच्या फासळ्या उंच जाऊन एकमेकींत गुंफल्या होत्या.

"काकू, हे माणसांनीच बांधलं असेल?"

मुलगी बाहेर पडताना एका काचेच्या दारात तिचंच प्रतिबिंब दिसलं. काकूंनी झटकन तिथे बोट ठेवलं.

"थांब वं, इथंच थांब. किती वाळली तू!"

मुलगी थांबली. मी मोबाइल हळूच काकूंच्या हातात दिला.