पंचनामा आत्या आणि घराचा नकाशा

आमच्या आत्याने आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या सांगण्यात मान्य केली नाही. चहा पुढे केला की आधी कपात डोकवायची, मग वास घ्यायची आणि मग करणाऱ्याच्या तोंडाकडे बघत पहिला घोट घ्यायची. "साखर टाकलीय," असं म्हटलं की "कशावरनं?" हे ठरलेलं. नरसिंहपूरहून कोऱ्हाळ्याला माहेरी यायची तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर बारामतीचा बोर्ड लावलेल्या एसटीत चढण्याआधी ड्रायव्हर, कंडक्टर आणि आत बसलेला एखादा प्रवासी अशा तिघांना विचारून खात्री करायची. मी एकदा हसलो तर म्हणाली, "बोर्ड बारामतीचा हाय खरं. पर गाडीला ठावं हाय का त्ये?"

पंचनामा आत्या हे नाव आबांनी ठेवलं. आबा म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ. एका दिवाळीत तुपाचं भांडं बोटभर उतरलेलं तिच्या नजरेला पडलं. आईने मांजराचं नाव घेतलं. आत्याने भांड्याच्या काठावरचे डाग पाहिले, फळीची उंची पाहिली, मांजर उचलून त्याच्या मिशा हुंगल्या आणि सगळ्यांना ओट्याजवळ बोलावून जाहीर केलं, "मांजार चमचा वापरत न्हाय." मग बोट सरळ आबांकडे. तेव्हा आबा पन्नाशीचे होते आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी मान खाली घालून गुन्हा कबूल केला आणि त्या दिवसापासून सूड म्हणून तिला पंचनामा म्हणायला लागले. तिला ते नाव आवडायचं, पण तसं तिने कधी दाखवलं नाही.

पुढे तिच्या मुलाने तिला मोबाइल घेऊन दिला तेव्हा तर कहरच झाला. "आत्या, मी बापू बोलतोय," म्हटलं की पलीकडून यायचं, "बापू आसशील तर सांग, परड्यात काय काय हाय?" मी मुकाट्याने सांगायचो, शेवगा, हापसा, म्हैस. "म्हशीचं नाव?" तेही सांगायचो. मगच ख्यालीखुशाली सुरू व्हायची. माझी बायको म्हणायची, फोनवरून लोकांना फसवणाऱ्यांनी एकदा चुकून आत्याबाईंना फोन लावावा, धंदा सोडून देतील.

गेल्या वर्षी आम्ही घराचं काम काढायचं ठरवलं. घर आजोबांनी बांधलेलं, विटांचं, वर पत्रे. मागच्या भिंतीला ओल धरली होती आणि पावसाळ्यात मधल्या खोलीत तीन पातेली मांडावी लागायची. मी बारामतीत शाळेवर शिक्षक. तिथल्याच एका इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतला. आतल्या भिंती पाडायच्या, वर स्लॅब टाकायचा, संडास-बाथरूम घरातच घ्यायचं. सगळं पक्कं होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही असंही ठरलं, कारण भावकीत कळलं की प्रत्येकजण आपला एक जिना सुचवून जातो. तिसऱ्या दिवशी आत्या पिशवी घेऊन दारात उभी.

"घर पाडताय म्हनं," ती म्हणाली. तिला कुणी सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

तिने पिशवी ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि थेट मधल्या खोलीत गेली. टाचेला अंगठा लावत भिंतीपासून खिडकीपर्यंत चालली. मग आडवी चालली. ओठांत काहीतरी मोजत होती. बायको स्वयंपाकघरातून हे बघत होती. ती मला हळूच म्हणाली, "अहो, आत्याबाई मापं कशाला घेतायत?"

माझ्याही मनात पाल चुकचुकली. आजोबा वारल्यावर आत्याने हक्कसोड करून दिली होती. आमच्याकडे बहिणी तसं करतात. वडिलांच्या घरा-जमिनीतला आपला वाटा भावाला सोडला असं कचेरीत जाऊन लिहून देतात आणि भाऊबिजेला साडी घेऊन परत जातात. पण आता दिवस बदलले होते. आमच्या शाळेतल्या एकाच्या आत्याने घराचं काम निघाल्यावरच कोर्टात दावा लावला होता आणि त्याची चर्चा आम्ही शिक्षक रोज डबा खाताना करत होतो. इथे तर आमची आत्या होती, चमच्यावरून चोर धरणारी. ती उगाच मापं घेईल?

"नकाशा दाव," ती म्हणाली.

"इंजिनिअरकडे आहे," मी ठोकून दिलं. नकाशा माझ्या कपाटात होता.

"कशावरनं?"

त्यानंतरचे दोन दिवस घरात विचित्र गेले. आत्या आत आली की आम्ही नवरा-बायको बोलायचं थांबायचो. आम्ही आत गेलो की ती आणि आबा गप्प व्हायचे. तिने आम्ही कामाला ठरवलेल्या मिस्त्रीला गाठून मधल्या खोलीचं काय होणार ते विचारलं. त्याने मला सांगितलं आणि माझी खात्रीच पटली. आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. आबांच्या ट्रंकेतून हक्कसोडीचा कागद काढला, शाळेत जाताना बारामतीत त्याची झेरॉक्स केली आणि ती नकाशाच्या फाइलमध्ये ठेवून दिली. मूळ कागद गहाळ झाला तर जवळ काहीतरी असावं, म्हणून. गहाळ कोण करणार होतं ते मी स्वतःशीही बोललो नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी घरी आलो तर आत्या आणि आबा ओट्यावर बसलेले. आबा म्हणाले, "बापू, आनला आसशील तर दाव की तिला नकाशा." आता किती टाळणार? मी आतून फाइल आणून तिच्या हातात दिली. देताना झेरॉक्सचं भानच राहिलं नाही.

वरच होती. आत्याने चष्मा लावला. आपली सही कुणाला ओळखू येत नाही? तिची तर मोठी, उजवीकडे कललेली. तिने कागद हातात धरून वरपासून खालपर्यंत पाहिला.

"कवा काढली?" तिने विचारलं.

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आत्याने तो कागद पालथा करून बाजूला ठेवला, नकाशा उलगडला आणि म्हणाली, "वाच." ती एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली आणि मी सांगत गेलो. ही आमची खोली, ही आबांची, ही मुलांना अभ्यासाला. मग बोट मधल्या खोलीवर आलं. तिथे इंजिनिअरने इंग्रजीत गेस्ट रूम लिहिलं होतं.

"ह्ये काय लिव्हलंय?"

"गेस्ट रूम."

"म्हंजी?"

"पाहुण्यांची खोली."

तिचं बोट तिथून हललं नाही. "बाळंतपनाला आले तवा मी हितंच निजले. मालक गेलं तवा म्हैनाभर हितंच पडून हुते. नव्या खोलीत माझी खाट बसंल का न्हाय, म्हनून पावलं मोजली. तर हितं पाव्हन्याला खोली काढलीया. आन् मी रं?"

"आत्या, तीच तुझी की," मी म्हणालो.

"कशावरनं?"

ती चढ्या आवाजात बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "बापू, वाटा सोडलाय मी. माहेर सोडल्यालं न्हाय. त्या कागदात तसं लिव्हलं आसंल तर वाचून दाव."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती गेली. आबा तिला फाट्यावर सोडून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "कचेरीतला सायेब तिला म्हनला हुता, बाई, कागद वाचून घ्या. देवळातला परसाद हुंगून खाती ही बाई. पर तितं काय म्हनली ठावं हाय? भावानं आनलाय, त्यात वाचायचं काय! आन् तू त्येचीच झेरॉक्स तिच्या म्होरं टाकलीस." एवढं बोलून ते आत गेले.

मी इंजिनिअरकडे जाऊन ते दोन शब्द काढायला लावले. "सर, सगळे गेस्ट रूमच लिहितात," तो म्हणाला. मी म्हटलं, आत्याची खोली असं लिहा आणि मराठीत लिहा. नव्या नकाशाचा फोटो आत्याच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवला. आत्याचा फोन आला, "लिव्हायला काय लागतंय?" भिंती उभ्या राहिल्यावर पुन्हा फोटो पाठवला. "ही कुठल्याबी घरातली खोली आसंल," ती म्हणाली. पण मग खिडकी कुठल्या बाजूला, दार आत उघडतं का बाहेर, खुंटी हाताला पोचंल का, असं एकेक विचारत राहिली. दर वेळी मी म्हणायचो, येऊन बघ. दर वेळी ती म्हणायची, "बघू." झेरॉक्स मी कधीच फाडून टाकली होती, पण तिने ती पाहिली होती. आता ती काही येत नाही, असं मी मनाशी धरून चाललो.

गिलावा झाला, रंग राहिला होता, आणि नरसिंहपूरहून निरोप आला. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं होतं.

दहाव्याला आम्ही सगळे गेलो. संगमावरचं उरकून घरी आल्यावर आत्याच्या सुनेने मला आत बोलावलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक नवंकोरं कुलूप माझ्या हातात ठेवलं. "भावजी, ह्ये तुमच्या हितल्या खोलीसाठनं आनलं हुतं आत्तींनी. इंदापुरातनं सवता आनलं. दुकानदाराकडनं धा येळा उघडून घितलं." एक किल्ली शेवटपर्यंत आत्याच्या कमरेच्या पिशवीत होती. दुसरी सुनेने फडताळातून काढली. तिला लाल दोरा बांधलेला होता.

"आमी म्हनलं, ही आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, जपून ठिवतो. तर म्हनल्या, न्हाय, ती बापूपाशी ऱ्हानार."

मी किल्ली मुठीत धरली आणि तिथेच, भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत ओक्साबोक्शी रडलो.